समासातील शेरा

१

अंतर्गत मूल्यमापनाच्या वह्या ठरावीक मुदतीपर्यंत जपून ठेवाव्या लागतात आणि मुदत संपली की त्या रद्दीत काढाव्या लागतात. गेल्या उन्हाळ्यात नांदेडला हे काम करीत असताना एम.ए.च्या एका विद्यार्थिनीची वाचननोंदींची वही माझ्या हाती आली. वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांविषयी आणि कथांविषयी विद्यार्थ्यांनी आपल्या शब्दांत लिहावे, अशी त्या उपक्रमाची अपेक्षा होती. भास्कर चंदनशिव यांच्या 'लाल चिखल' या कथेवर तिने दीड पान लिहिले होते. समासात माझ्याच अक्षरात तांबड्या शाईचा शेरा होता : 'अवांतर. कथेविषयी लिहा.' शेवटी दहापैकी चार गुण होते. मधल्या दोन ओळी मी शाई फिरवून खोडलेल्या होत्या. त्या ओळींत काय होते हे मला आठवत नव्हते. शेरा लिहिताना मात्र आपण योग्य तेच करीत आहोत, याविषयी मला यत्किंचितही शंका नव्हती, हे स्पष्ट आठवते.

ती नोंद मी तेथेच उभ्याने पुन्हा वाचली आणि वही रद्दीत न टाकता घरी आणली. विद्यार्थ्याने वाचलेल्या पुस्तकाविषयी लिहिताना स्वतःच्या आयुष्यातले जे काही मध्ये येते, त्याला समीक्षेत स्थान कोणते, हा प्रश्न वर्गात मी अनेकदा शिकविला आहे. तो माझ्यापुढे प्रश्न म्हणून प्रथमच उभा राहिला.

'लाल चिखल' मराठी वाचकांना परिचित आहे. शालेय पाठ्यपुस्तकातूनही ती वाचली गेली आहे. बापाबरोबर बाजाराला गेलेला मुलगा निवेदक आहे. टोमॅटोचा भाव कोसळत जातो, गिऱ्हाईक मातीमोल दराने मागते, आणि अखेरीस बाप आपल्याच मालाच्या ढिगाऱ्यावर नाचत तो तुडवतो. शीर्षकातील चिखल तो हाच. या कथेवर विद्यार्थी साधारणतः काय लिहितात हे मला पाठ आहे : शेतकऱ्याचे शोषण, बाजारव्यवस्थेचे वास्तव चित्रण, प्रभावी शेवट. तिने यातले काहीच लिहिले नव्हते. तिने लिहिले होते :

'आमच्याकडे टोमॅटो नाही, सोयाबीन असतं. टोमॅटो संध्याकाळपर्यंत गेला नाही तर तो मरतो, म्हणून कथेतल्या बापाला त्याच दिवशी चिडावं लागतं. सोयाबीन मरत नाही. आडतीवर ओल जास्त आहे म्हणून भाव पाडला, तर अप्पा ते परत घरी आणतात. मग घरात पोत्यांची थप्पी लागते आणि ती दिवाळीपासून मार्चपर्यंत आमच्यासोबत राहते. त्या थप्पीवर बसूनच मी ही कथा वाचली. अप्पा चिडत नाहीत. ते रोज भाव विचारतात. सोयाबीन तुडवता येत नाही. तुडवलं तरी त्याचं काही होत नाही.'

याच्यापुढे त्या खोडलेल्या दोन ओळी होत्या, आणि त्यानंतर एकच वाक्य : 'त्यामुळे आमच्या घरची गोष्ट या कथेसारखी संपत नाही.'

२

या नोंदीकडे परत जाण्यापूर्वी माझ्या स्वतःच्या एका वहीविषयी सांगणे आवश्यक आहे. कारण ज्या शिस्तीने मी तो शेरा लिहिला, त्या शिस्तीचा उगम त्या वहीत आहे.

मी औसा तालुक्यातल्या एका खेड्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा मी आठवीत होतो. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी आमच्याकडील घरांची रचना. उन्हाळ्यात जे माळवद घर थंड ठेवी, तेच त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यांत माझी आजी होती. पुढे बराच काळ आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. मदतीच्या कपड्याभांड्यांबरोबर पुस्तकांचाही एक गठ्ठा आला होता आणि त्यातली 'श्यामची आई' माझ्या वाट्याला आली. शाळेच्या गुरुजींनी एक वही दिली आणि 'वाचशील त्यावर लिहीत जा' असे सांगितले.

त्या वहीतील पहिली नोंद आजही माझ्यापाशी आहे. ती तीन पानांची आहे आणि त्या तीन पानांत 'श्यामची आई' जवळजवळ नाहीच. आजी कशी भाकरी करी, मला कुशीत घेऊन कशी निजे, विसर्जनाच्या रात्री ती काय म्हणाली, हेच सारे आहे. मध्ये एके ठिकाणी मी लिहिले आहे की, श्यामची आई अगदी माझ्या आजीसारखी होती. आज हे वाक्य वाचताना त्यातली चूक ढळढळीत दिसते. श्यामची आई प्रेमळ आहे तशीच कठोर आहे. माझ्या आजीने मला उभ्या आयुष्यात कधी दटावले नव्हते. त्या पुस्तकात प्रौढ श्याम आपल्या सोबत्यांना रात्रीमागून रात्र आईच्या आठवणी सांगतो आणि त्या सांगण्यामागे अपराधाची बोच आहे. माझ्या नोंदीत यातले काहीच नाही. मी पुस्तक वाचले नव्हते. पुस्तकाच्या आडोशाला बसून रडलो होतो. गुरुजींनी त्या पानांवर काहीही शेरा लिहिला नाही. केवळ तारीख घालून सही केली. त्या वयाच्या मुलाच्या वहीवर त्याहून योग्य असे दुसरे काही लिहिता आले नसते, असे मला आता वाटते.

दुसरी नोंद १९९८ सालची. मी लातूरला बी.ए. करीत होतो आणि रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' नेमलेली होती. बोराडे लातूर तालुक्यातील काटगावचे; त्यांची ही कादंबरी १९७१ ची. शिंप्याच्या कुटुंबाची कहाणी त्यात शिंप्याची बायको स्वतः सांगते, तेही आमच्या भागातल्या बोलीत. तिचे बोलणे सावरून घेणारा प्रमाणभाषेतला निवेदक कुठे नाही. छापील पुस्तकात मी माझ्या घरातले शब्द प्रथमच पाहत होतो. स्वाभाविकपणे नोंदीचे पहिले वाक्य होते, 'ही बाई माझ्या आजीसारखी बोलते.' पण या वेळी मी तेथे थांबलो नाही. खाली लिहिले आहे : 'आजी बोलताना भरकटायची. एक गोष्ट सांगता सांगता तिसऱ्याच माणसाकडे जायची. ही बाई भरकटत नाही. म्हणजे हे बोलणे नाही, लिहिणे आहे. मग ते बोलण्यासारखे का वाटते?'

निवेदनतंत्र, कथनकाराचा दृष्टिकोन या संज्ञा मला तेव्हा ठाऊक नव्हत्या. त्या पुढे नांदेडला एम.ए.ला आल्यावर कळल्या. परंतु त्या संज्ञा ज्या प्रश्नांची उत्तरे म्हणून जन्माला आल्या, त्यांपैकी एक प्रश्न मला आजीमुळे पडलेला होता. ज्या आठवणीने एक पुस्तक मला दिसू दिले नाही, तिनेच पाच वर्षांनी दुसऱ्या पुस्तकाची घडण दाखवून दिली.

३

आय. ए. रिचर्ड्स याने केंब्रिजमध्ये केलेला प्रयोग आपल्या अभ्यासक्रमात सर्वत्र शिकविला जातो. कवीचे नाव न देता तेरा कविता त्याने वाचकांच्या हाती दिल्या, त्यांचे अभिप्राय गोळा केले आणि १९२९ साली त्यांच्या आधारे 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या वाचकांत बहुसंख्य विद्यार्थी होते. म्हणजे विसाव्या शतकातील समीक्षेचा एक पायाभूत ग्रंथ विद्यार्थ्यांच्या वाचननोंदींवर उभा आहे. काव्यग्रहणातील ज्या दहा अडचणी रिचर्ड्सने त्या नोंदींतून वेगळ्या काढल्या, त्यांपैकी दोन येथे प्रस्तुत आहेत. एक म्हणजे 'अप्रस्तुत स्मरण' : वाचकाच्या खाजगी आठवणी मध्ये घुसून कविता झाकून टाकतात. दुसरी म्हणजे 'साचेबंद प्रतिसाद' : वाचकाच्या मनात आधीच तयार असलेली प्रतिक्रिया कवितेच्या नुसत्या स्पर्शाने बाहेर पडते आणि कवितेला करण्यासारखे काही उरत नाही.

आपल्या परंपरेत अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त सात रसविघ्ने सांगितली आहेत. त्यांतील एक 'निजसुखादिविवशीभाव'. म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखांच्या इतके अधीन होणे, की समोरच्या नाट्याशी चित्त एकरूप होऊ शकत नाही. पत्र्याच्या शेडमधील मुलाची अवस्था यापेक्षा नेमक्या शब्दांत सांगता येणार नाही. तथापि या संदर्भात दोन गोष्टी आपण सहसा ध्यानात घेत नाही. पहिली अशी की, या विघ्नाच्या परिहारासाठी अभिनवगुप्त प्रेक्षकाला दोष देत नाही; गीतवाद्यादी रंजक साधनांकडे, म्हणजे प्रयोगाच्या सिद्धतेकडे तो बोट दाखवतो. दुसरी अधिक महत्त्वाची : रसास्वादासाठी वासना, म्हणजे चित्तातील पूर्वसंस्कार, असावेच लागतात हा त्याचाच आग्रह आहे. ज्याच्यापाशी संस्कारांची शिदोरी नाही, त्याला रसप्रतीती नाही. साधारणीकरणाने व्यक्तिगत संबंधाची गाठ सैल होते; संचित नाहीसे होत नाही. तेव्हा स्वतःचे आयुष्य घेऊन पुस्तकाकडे येणे हा दोष नव्हे. त्याच्याशिवाय पुस्तकाकडे येताच येत नाही. दोष आहे तो त्या आयुष्यात अडकून पडण्याचा.

रिचर्ड्सच्या संज्ञेतही 'अप्रस्तुत' हे विशेषण महत्त्वाचे आहे. एखादे स्मरण अप्रस्तुत आहे की नाही, हे ते खाजगी आहे यावरून ठरू शकत नाही. कसोटी वेगळी हवी आणि ती साधी आहे : वाचक आठवणीत गेल्यावर साहित्यकृतीकडे परत येतो काय, आणि येताना आधी न दिसलेले काही घेऊन येतो काय? 'श्यामची आई'वरील नोंदीत मी परत आलो नव्हतो. 'पाचोळा'वरील नोंदीत आलो होतो.

या कसोटीवर ती सोयाबीनची नोंद पाहावी. 'लाल चिखल'चा शेवट प्रभावी आहे असे म्हणून आपण थांबतो. तो कशामुळे शक्य झाला आहे हे विचारत नाही. तिने ते सांगितले. माल नाशवंत आहे म्हणून कथेला एका दिवसाची मुदत आहे. बाजार उठेपर्यंत निकाल लागलाच पाहिजे, या सक्तीतून कथेतला ताण येतो आणि त्याचा स्फोटही त्याच दिवशी होतो. टोमॅटो मऊ आहे, तांबडा आहे, पायाखाली त्याचा चिखल होतो. म्हणून संतापाला दिसणारे रूप मिळते. कथेचा एकजिनसीपणा, तिचा अल्प कालावकाश, तिची अंतिम प्रतिमा ही सारी त्या फळाच्या गुणधर्मांशी बांधलेली आहेत. आशय आणि आकृतिबंध यांच्या अभिन्नतेविषयी मर्ढेकरांपासून आपण पुष्कळ बोललो आहोत. एका कथेत ही अभिन्नता नेमकी कोठे आहे, हे त्या नोंदीत सोयाबीनच्या पोत्यावर बसून लिहिलेले होते.

तिचे शेवटचे वाक्य तर याहूनही पुढे जाते. सोयाबीन टिकते. टिकणारा माल शेतकऱ्याला आशेवर ठेवतो. विकायचे की थांबायचे हा निर्णय रोज नव्याने घ्यायला लावतो. त्या अनुभवाला स्फोट नाही, केवळ लांबण आहे. लातूरची बाजारपेठ सोयाबीन आणि तुरीच्या उलाढालीची. नांदेड-लातूरच्या शिवारात पावसाळ्यात नजर जाईल तेथवर सोयाबीन दिसते. या पिकाबरोबर जगणाऱ्या माणसांची गोष्ट लिहायची तर बाजाराच्या एका दिवसाची कथा पुरणार नाही, वेगळा आकार शोधावा लागेल, असे ती एम.ए.ची मुलगी सुचवत होती. वाङ्मयप्रकारांच्या चर्चेत मी हा मुद्दा कोठे वाचलेला नव्हता. त्यावर मी लिहिले : 'अवांतर.'

४

त्याच विद्यार्थिनीची पुढल्या सत्रातील वही मी मुद्दाम शोधून काढली. तीत नेमकी 'पाचोळा'वर नोंद आहे. 'प्रस्तुत कादंबरीत ग्रामीण जीवनाचे वास्तव व प्रभावी चित्रण आले आहे. लेखकाची भाषा ओघवती व पात्रानुरूप आहे. स्त्रीच्या व्यथांना लेखकाने वाचा फोडली आहे.' चार पाने याच रीतीची. एकही ओळ खोडलेली नाही. समासात शेरा : 'उत्तम.' दहापैकी आठ गुण, माझ्याच हातचे.

म्हणजे रिचर्ड्सने सांगितलेला एक दोष तिच्यात आहे असे समजून मी तो काढायला गेलो आणि दुसरा, जो तिच्यात मुळीच नव्हता, तो तिला दिला. अप्रस्तुत स्मरणाच्या भीतीने आपण साचेबंद प्रतिसाद शिकवतो. स्मरणाचा दोष उघड दिसतो, कारण तो नियमाबाहेरचा असतो. साचेबंदपणा दिसत नाही, कारण तो आपल्याच भाषेत बोलतो.

याला आमच्या प्रदेशातील शिक्षणाची पार्श्वभूमी आहे. 'लातूर पॅटर्न' म्हणून जो ओळखला जातो, त्याने खेड्यापाड्यांतील मुलांना डॉक्टर-इंजिनियर केले, याचे मोल मी कमी लेखत नाही. माझ्या नात्यात, गावात त्याचे लाभार्थी आहेत. परंतु नमुना-उत्तराची जी सवय त्या यशाबरोबर आली, ती वाङ्मयाच्या वर्गातही येऊन बसली. मार्गदर्शकांतील वाक्ये विद्यार्थी लिहितात आणि आपण त्यांना गुण देतो. कारण ती वाक्ये आपल्या व्याख्यानांतूनच मार्गदर्शकांत गेलेली असतात.

यात एक विसंगती आहे. लातूर तालुक्यातल्याच धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'बलुतं', 'उपरा', 'अक्करमाशी', 'उचल्या' या आत्मकथनांतून जो 'मी' बोलला, त्याने मराठी साहित्याची सीमा बदलली, असे आपण शिकवतो आणि ते खरेच आहे. लेखकाच्या 'मी'ला आपण अभ्यासक्रमात जागा दिली. त्याच शिवारातून, त्याच परिस्थितीतून येणाऱ्या वाचकाच्या 'मी'ला मात्र उत्तरपत्रिकेच्या बाहेर उभे ठेवले. 'मला वाटते' असे लिहू नये, 'असे म्हणता येईल' असे लिहावे, हे मी स्वतः पंधरा वर्षे सांगत आलो आहे.

आणि हे मी सांगत होतो ते नांदेडमध्ये. नरहर कुरुंदकर हे येथल्या पीपल्स कॉलेजचे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य. विद्यार्थिदशेत इंटरच्या परीक्षेने त्यांना पुन्हा पुन्हा मागे ठेवले. परंतु त्या वर्षांतले त्यांचे वाचन कोणत्याही परीक्षेला न पेलणारे होते. 'श्रीमान योगी'ची प्रस्तावना म्हणून आपण जी वाचतो, ते मुळात त्यांनी रणजित देसाईंना लिहिलेले पत्र आहे. एका वाचकाने लेखकाला लिहिलेले पत्र, प्रथमपुरुषी, मतभेद न लपविणारे, तरीही शिवचरित्राच्या प्रश्नांवरून क्षणभरही न ढळणारे. त्या पत्रातला 'मी' काढून टाकला तर युक्तिवादही उरणार नाही. समीक्षेच्या वर्गात आम्ही त्या लेखनाचा गौरव करतो आणि त्याची रीत विद्यार्थ्यांना वर्ज्य ठरवतो.

५

या प्रतिपादनाचा विपर्यास होण्याची शक्यता मला दिसते. यंदा मी वर्गात सांगून पाहिले की, नोंदीत स्वतःचे अनुभव लिहिले तरी चालतील. तीसेक वह्यांपैकी निम्म्याहून अधिक वह्यांत पुस्तक नाहीसे झाले. एकाने एका कादंबरीच्या निमित्ताने आपल्या गावच्या जत्रेचे वर्णन केले. दुसऱ्याने आपल्या मामाचे. वैयक्तिकतेला मुभा दिली की वाचन आपोआप सखोल होते, ही समजूतही साचेबंदच आहे. काही वह्यांत तर 'वाचताना डोळ्यांत पाणी आले' हेच नवे नमुना-उत्तर झालेले होते. त्यामुळे शिक्षकाचे काम कमी होत नाही, वाढते. प्रत्येक आठवणीपाशी थांबून तिचे कृतीशी नाते आहे काय, हे पाहावे लागते. आता मी 'अवांतर' असे लिहीत नाही. 'मग कथेत काय दिसले?' असे विचारतो. बहुतेक जण त्यावर काही लिहीत नाहीत. दोघातिघांनी लिहिले. ती पाने मी वर्गात वाचून दाखविली.

दिवाळीपूर्वी ती विद्यार्थिनी पदवी-प्रमाणपत्राच्या कामासाठी विभागात आली होती. आता ती लातूरला स्पर्धा परीक्षांची तयारी करते. मी तिला बसवून घेतले, पहिली वही पुढे ठेवली आणि माझा शेरा चुकला होता, असे सांगितले. ती संकोचली.

'नाही सर, बरोबरच होता,' ती म्हणाली. 'तुमच्या शेऱ्यामुळं मला कळलं कसं लिहायचं ते. पुढच्या वहीला आठ पडले ना.'

मी तिला नाशवंत मालाविषयी, कथेच्या कालावकाशाविषयी सांगू लागलो. तिने नम्रपणे ऐकून घेतले. ते आपणच लिहिले होते, असे तिच्या चेहऱ्यावर कोठे दिसले नाही. वही परत घेऊन जा म्हटल्यावर तिने ती चाळली आणि त्या पानापाशी थांबली.

'सर, त्या वर्षी सोयाबीन कितीनं गेलं, ते मी इथंच लिहिलं होतं. दिवाळीचा भाव आणि मार्चचा, दोन्ही. अप्पा परवाच विचारत होते, त्यांच्या ध्यानात नाही आता.'

तिने पान खिडकीकडे नेऊन उजेडात धरले. मीही पाहिले. त्या दोन ओळींवर शाई इतकी दाट फिरवलेली होती, की आकडे दोघांनाही वाचता आले नाहीत.